खाडीचा करडा : विक्रोळीतल्या कामाच्या नोंदी

१ जून २०२५, रविवार

गिरगावची खोली सोडून आज तीन आठवडे झाले. चाळ पुनर्विकासाला गेली. नवी इमारत उभी राहीपर्यंत मी आणि आई मामाच्या रिकाम्या घरात राहणार, विक्रोळी पूर्वेला कन्नमवार नगरात. म्हाडाची जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. आईला जिना चढताना धाप लागते, पण खिडकीशी खुर्ची टाकून दिली की तासन्‌तास रस्ता बघत बसते.

कामाची नोंद या वहीत ठेवायची. काम दोन तऱ्हेचं आहे. येत्या जानेवारीपर्यंत या भागाची तीस जलरंगचित्रं, आणि दर रविवारी सकाळी वर्ग. खाली गणेशोत्सव मंडळाच्या कार्यालयाची खोली आहे, साधारण बारा बाय पंधरा. सेक्रेटरी म्हणाले, भाडं राहू द्या, गणपतीत मागचा पडदा रंगवून द्या. मी लगेच हो म्हटलं.

आज गच्चीवरून पहिलं चित्र केलं. पाऊस यंदा २६ मेलाच आलाय, तरी सकाळी दोन तास उघडीप मिळाली. पूर्वेला तिवरांचं दाट रान, त्यापुढे खाडीची पट्टी, पलीकडे ऐरोली-घणसोलीच्या इमारती, त्यांच्या मागे पारसिकचा डोंगर. विजेचे उंच मनोरे तिवरांतून रांगेने पार गेलेले. ओहोटी होती, चिखल उघडा पडला होता.

तो चिखल मला जमला नाही. वीस वर्षं मी गिरगावातल्या लाकडी चाळी रंगवल्या. सागवानी कठडे, मंगळुरी कौलं, दुपारची पिवळी उन्हं. पेटीतले बर्न्ट सिएना, यलो ऑकर, थोडा ॲलिझरिन हे रंग त्या भिंतींसाठी हाताला बसलेले. त्याच हाताने चिखल रंगवला तर तो शेणाने सारवलेल्या अंगणासारखा दिसला. समोरचा चिखल थंड होता. त्यात निळं काहीतरी होतं, आणि हिरवंही.

आणखी एक गोष्ट आज ध्यानात आली. गिरगावात समुद्र मावळतीला. पाण्यावरचा उजेड म्हणजे संध्याकाळचा, हे इतकं अंगात मुरलंय की पाणी रंगवायचं ठरवलं की हात आपसूक संध्याकाळकडे जातो. इथे पाणी उगवतीला आहे. पहाटे उठावं लागणार.

८ जून, रविवार

पहिला वर्ग. अकरा जण. त्यात नऊ मुलं, दुसरी ते आठवी. एक परिचारिका, रात्रपाळी संपवून थेट आलेली, डोळे लाल पण हातात नवी कोरी वही. आणि एक काका, सत्तरीच्या आसपासचे, दारातच उभे राहिले. म्हणाले, ‘मी नुसता बघतो.’

रंग उघडू दिले नाहीत. प्रत्येकाला कागदाचा चतकोर तुकडा, पाणी आणि चपटा ब्रश. सांगितलं, चौकोन पाण्याने भरा. मग कागद डोळ्यांच्या पातळीवर आडवा धरा आणि ट्यूबलाइटचं प्रतिबिंब शोधा.

पाचवीतली एक मुलगी म्हणाली, ‘टीचर, नुसतं पाणी लावून काय दिसणार?’ आणि कागद वाकवल्यावर गप्प झाली. ट्यूबलाइट कागदावर सरळ, धारदार दिसत होती. थोड्या वेळाने तिची कड तुटायला लागली, जशी पावसात खिडकीतून दिवे दिसतात. मग ती विरघळली आणि नुसती मंद चकाकी उरली. शेवटी तीही गेली. कोरडं वाटलं म्हणून मुलांनी ब्रश उचलले, तेव्हा मी सगळ्यांना हाताची पालथी बाजू कागदाला लावायला सांगितली. गार लागला. म्हणजे आत अजून पाणी आहे.

या चार पायऱ्या ज्याला डोळ्यांनी ओळखता येतात त्याला निम्मं जलरंग आलं, असं मी मानते. प्रतिबिंब धारदार असताना रंग सोडला तर तो पसरून हरवतो. मंद चकाकीवर सोडला तर कडा मऊ राहून जागेवर बसतो. चकाकी गेल्यावर, पण कागद गार असताना ओला ब्रश लावला की पाणी आतला रंग ढकलतं आणि फुलकोबीसारखा डाग उठतो. मोठ्या मंडळींचेही कितीतरी कागद याच एका घाईत जातात.

दोन तास संपेपर्यंत काका दारातच होते. जाताना म्हणाले, ‘चांगलंय. घाई नाही तुमच्याकडे.’

२२ जून, रविवार

दोन आया भेटायला आल्या. ‘एलिमेंटरीची तयारी करून घ्याल ना?’ ग्रेड परीक्षांना नाकं मुरडणारे चित्रकार मला ठाऊक आहेत. मला ते पटत नाही. महाराष्ट्रात खेड्यापाड्यातल्या मुलांच्या हातात ब्रश आला तो या परीक्षांमुळे, माझ्याही आला. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन, हे सगळं मी महिन्यातला एक रविवार बाजूला ठेवून शिकवीन असं कबूल केलं.

मग मुलांना स्मरणचित्र दिलं, विषय ‘सकाळ’. नऊपैकी आठ कागदांवर दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी, झोपडी, नारळाचं झाड. गंमत म्हणजे ही मुलं राहतात तिथे सूर्य खरोखर डोंगरामागून आणि पाण्यावरच उगवतो. पण तो डोंगर त्यांनी पुस्तकातून काढला. त्यांच्या गच्चीवरून दिसणारा पारसिक त्यात नव्हता, मनोरे नव्हते, तिवरं नव्हती. पाण्याच्या टाक्यांवर बसलेले कावळेसुद्धा नव्हते. चूक त्यांची नाही. मी तरी या महिन्यात काय वेगळं केलं? इथला चिखल गिरगावच्या रंगांनीच काढते आहे.

६ जुलै, रविवार

आषाढी. शिशुवर्गातली मुलं विठ्ठल-रखुमाई होऊन रस्त्याने निघाली होती, म्हणून वर्ग तासभरच.

नोंद फक्त एक. सपाट वॉश, म्हणजे कागदभर एकसारखा दिलेला पातळ रंग, वाळायला लागलेला वेळ : बेचाळीस मिनिटं, पंखा चालू. गिरगावच्या खोलीत उन्हाळ्यात हाच वॉश सात-आठ मिनिटांत वाळायचा. मुलं वाट बघून कंटाळली. एकाने कागद शर्टाच्या आत घातला. उद्यापासून रोजचे वेळ लिहायचे.

१३ जुलै, रविवार

काका आज आत आले आणि बसले.

आमचं ठरलं होतं की आज सगळ्यांनी मिळून चिखलाचा रंग शोधायचा. मी काल संध्याकाळी काठावरून प्लास्टिकच्या डब्यात थोडा चिखल आणला होता. डबा टेबलावर मधोमध ठेवला. वास आला, मुलांनी नाकं धरली, मग विसरली. प्रत्येक जण आपापलं मिश्रण कागदाच्या पट्टीवर लावून डब्याशेजारी धरत होता. ‘बाई, माझा जुळला!’ ‘माझा पण!’ (टीचरची बाई कधी झाले कळलं नाही. बरं वाटलं.)

काकांनी सगळ्या पट्ट्या गोळा केल्या आणि खिडकीत रांगेने ठेवल्या. म्हणाले, ‘ओल्यावर शेड पास करायची नसते, मॅडम.’

तेव्हा कळलं. ते चौतीस वर्षं एका कारखान्याच्या पेंटशॉपमध्ये होते. लोखंडी कपाटांवर गनने रंग मारायचा, आणि नंतरची बारा वर्षं शेड मॅचिंग. मास्टर पॅनल, म्हणजे नमुन्याचा रंगवलेला पत्रा, समोर, नवीन बॅचचा पॅनल शेजारी. आधी ओव्हनमधून काढून थंड होऊ द्यायचा, मग बघायचा. ट्यूबलाइटखाली पास झालेली शेड उन्हात नापास होते, म्हणून उत्तरेकडच्या खिडकीत न्यायची. एकटक बघायचं नाही, डोळा थकतो आणि खोटं सांगायला लागतो. मध्ये मध्ये करड्या भिंतीकडे बघायचं.

अर्ध्या तासाने पट्ट्या वाळल्या तेव्हा एकही जुळत नव्हती. सगळ्या फिक्या. ओल्या रंगावर पाण्याचा पातळ थर काचेसारखा बसतो, रंग खोल दिसतो. पाणी उडालं की कागदाचा खडबडीत पृष्ठभाग उजेड चहूकडे फेकतो आणि रंग फिका पडतो. हे मी गेली कित्येक वर्षं शिकवते आहे. पण शिकवताना ‘थोडा गडद लावा, वाळल्यावर फिका होईल’ एवढंच सांगायचे. वाळलेली पट्टी हातात घेऊन, उजेडाला नेऊन, डब्यातल्या चिखलाशी ताडून कधी पाहिली नव्हती. मी अंदाजाने रंगवत आले, आणि गिरगावात तो अंदाज चालला, कारण तिथल्या भिंती मला पाठ होत्या.

चिखलही डब्यात सुकत चालला होता. वरचा थर राखाडी झाला, बोट फिरवलं की खालून निळसर काळा. काका म्हणाले, ‘आता मास्टर पॅनलच बदलतोय. ह्याचं काय करायचं?’ सगळेच हसलो. पण प्रश्न खरा आहे. ओल्या चिखलाचा रंग वाळलेल्या कागदावर हवाय.

२७ जुलै, रविवार

काकांनी पेटी करून आणली. प्लायवूड, आत दोन बल्ब, मागे संगणकातला जुना पंखा, कागद सरकवायला तारेची जाळी. ‘ओव्हन,’ म्हणाले. वॉश नऊ मिनिटांत वाळतो. मुलांनी टाळ्या वाजवल्या. वर्गाचा वेग एकदम वाढला. आज पहिल्यांदा सगळ्यांचे तीन-तीन थर झाले.

परिचारिकेने एकीकडे बसून सलाइनची बाटली रंगवली, आतून उजेड येणारी. पांढऱ्या रंगाची ट्यूब तिने मागितली. मी म्हटलं, जलरंगात पांढरा रंग म्हणजे न रंगवलेला कागद. तो आधीच ठरवून राखायचा. मग मोबाइलवर सगळ्यांना हळदणकरांचं दिवा घेतलेल्या मुलीचं चित्र दाखवलं. सावळाराम लक्ष्मण हळदणकर, सावंतवाडीचे, जे. जे.त शिकलेले, मुंबईत ज्यांनी १९०८ मध्ये स्वतःची कलासंस्था काढली. दिवा धरून उभी असलेली त्यांची मुलगी, बोटांतून झिरपणारा लालसर उजेड. चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. पुष्कळ लोक ते रविवर्म्याचं तैलचित्र समजतात. ते जलरंगात आहे, आणि मुंबईच्या मराठी चित्रकाराचं आहे, हे मी दर नव्या वर्गाला सांगते आणि सांगताना दर वेळी माझा आवाज चढतो.

परिचारिकेने चित्र मोठं करून ती बोटं बराच वेळ बघितली. म्हणाली, ‘आम्ही नस शोधताना टॉर्च धरतो, तेव्हा तळवा असाच दिसतो.’

१० ऑगस्ट, रविवार

मोठी नोंद. नीट लिहून ठेवते.

चिखलाचं मिश्रण गेल्या पंधरा दिवसांत एवढ्यावर आलंय : अल्ट्रामरीन तीन भाग, बर्न्ट सिएना दोन, रॉ अंबर चिमूटभर. कोल्ड प्रेस, म्हणजे किंचित खडबडीत कागद, तीनशे जीएसएम वजनाचा. शेड जुळते. काकांनी खिडकीत नेऊन पास केली. तरी चित्रात घातली की भिंतीला दिलेल्या रंगासारखी निर्जीव दिसते. चिखल असा सलग नसतो. त्याला कण असतो, आणि त्या कणांवर निळी झाक तरंगत असते.

काल रात्री दिवे गेले. पेटी बंद, पंखा बंद. मी दोन पट्ट्या लावल्या होत्या, एक पेटीत वाळून झाली होती, दुसरी तशीच टेबलावर आडवी राहिली. कंटाळून झोपले. सकाळी सहाला बघते तर दोन्ही पट्ट्यांत एकच मिश्रण, एकच ब्रश, आणि रंग दोन. पेटीतली पट्टी सपाट करडी. टेबलावरच्या पट्टीत अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत जाऊन बसलेले आणि सिएनाचा तपकिरी वर, उंचवट्यांवर राहिलेला. भिंग घेऊन पाहिलं तर निळे ठिपके, त्यांच्याभोवती ऊबदार तपकिरी. हात लांब करून धरली तर चिखल. ओला चिखल, ओहोटीनंतरचा.

अल्ट्रामरीन दाणे धरतो हे कुठल्याही जलरंगवाल्याला माहीत असतं. पण दाण्यांना खाली बसायला वेळ लागतो, आणि तो वेळ या दमट हवेनेच दिला. खाडीतही वेगळं काय होतं? गढूळ पाणी येतं, थांबतं, गाळ तळाशी बसतो, पाणी निघून जातं.

दोन महिने मी या हवेशी भांडत होते. वाळण्याचे वेळ लिहून ठेवत होते ते तक्रार म्हणून. आज तीच पानं काढून मिश्रणासमोर मिनिटं लिहिली : पंधरा मिनिटांखाली दाणा धरत नाही, तीसच्या पुढे धरायला लागतो, चाळीसला उत्तम. बोर्ड अगदी आडवा हवा, कलता नको.

वर्गात दोन्ही पट्ट्या काकांपुढे ठेवल्या. पेटी त्यांनी एवढ्या मेहनतीने केलेली, मला जरा संकोच वाटत होता. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून दोन्ही पट्ट्या नाकाशी नेल्या. ‘आमच्याकडे पिगमेंट खाली बसलं तर बॅच रिजेक्ट,’ म्हणाले. ‘इथे बसलं तर पास.’ आणि स्वतःच पेटीवर खडूने लिहिलं : चिखलासाठी वापरू नये.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून पाऊस थांबलेला नाही. शाळा बंद, लोकल बंद पडल्या आहेत. परिचारिका रुग्णालयातच अडकली, सलग दुसरी पाळी करते आहे. गच्चीच्या दारातून एक छोटं चित्र केलं. खाडी दिसत नाही, फक्त जवळचा मनोरा, तोही कमरेपर्यंत. वाळलं नाही, अजून ओलं आहे.

७ सप्टेंबर, रविवार

काल विसर्जन झालं. खोलीत मखराचं सामान असल्यामुळे दोन आठवडे वर्ग जिन्यात. पडदा बारा फुटी होता. मंडळाला हिमालय हवा होता, मुलांनी हट्ट धरला म्हणून तिवरं आणि मनोरे झाले. पोस्टर कलर, जलरंग नव्हेत, म्हणून इथे जास्त लिहीत नाही. पण दर्शनाला आलेली माणसं पडद्यातली आपली इमारत बोटाने दाखवत होती.

२१ सप्टेंबर, रविवार

नुकसान. कापसाच्या कागदाचे बारा पूर्ण ताव गेले.

पश्चिमेच्या भिंतीला लागून कपाटावर उभे ठेवले होते. गिरगावात तसेच ठेवायचे. इथली ती भिंत आतून ओली आहे हे मला उन्हाळ्यात आल्यामुळे कळलंच नाही. बाहेरून कागद पांढराशुभ्र, डाग नाही, वास नाही. पहिला वॉश मारला आणि रंग टीपकागदात जावा तसा आत शोषला. जागोजाग गडद ठिपके उठले. कागदाला सरस लावलेला असतो म्हणून पाणी काही वेळ वर तरंगतं आणि आपल्याला काम करू देतं. ओलीने तो सरस जागोजागी मेला. बुरशी दिसायला लागण्याच्या कितीतरी आधी कागद गेलेला असतो.

बारा ताव म्हणजे माझ्यासाठी दोन महिन्यांचं काम. आईसमोर रडू आलं.

आता उरलेले ताव प्लास्टिकच्या जाड पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्या घालून, पलंगाखाली फळीवर आडवे. परिचारिकेने औषधांच्या बाटल्यांतल्या पुड्या साठवून दिल्या, चहाच्या डब्यात भरून. गेलेले ताव मुलांना पेन्सिलीच्या कामाला दिले.

६ ऑक्टोबर, सोमवार

कोजागरी. गच्चीवर दूध आटवलं. चांदण्यात भरतीचं पाणी तिवरांच्या बुंध्यांपर्यंत चढलेलं दिसत होतं. रंगवलं नाही.

निवट्या विकणाऱ्या मावशी भांडुपहून येतात, इमारतीच्या फाटकाशी बसतात. निवट्या म्हणजे चिखलातले छोटे मासे, शिवाय बोई, कधी चिंबोऱ्या, सगळं खाडीतलं. आज त्यांना विचारलं, सकाळी चिखल सगळ्यात जास्त कधी उघडा पडतो? त्यांनी मला हिशोब शिकवला. तिथीची पाऊणपट करायची, तो भरतीचा तास. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती. पुनवेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्यातून सहा तास मागे गेलं की ओहोटी. ‘पन खारीत पानी मागाशी येतं गो, तासभर धर.’ आणि पुनव-अवसेला उधाण, पाणी चढतं जास्त आणि उतरतंही जास्त. अष्टमीला भांग, तेव्हा पाणी सुस्त, चिखलाची नुसती कड दिसते.

म्हणजे मला हवा असलेला चिखल महिन्यातून दोनदाच, पहाटे, सूर्य उगवायच्या सुमाराला. मी जूनपासून वार आणि सुट्टी बघून गच्चीवर जात होते. आता कॅलेंडर तिथीने बघायचं.

५ नोव्हेंबर, बुधवार

त्रिपुरी पौर्णिमा. सव्वासहाला गच्चीवर. काका आधीच येऊन बसले होते, थर्मास घेऊन.

पाणी खूप आत गेलेलं. तिवरांच्या कडेपासून चिखल लांबवर पसरलेला, मध्ये ओहळांच्या नागमोडी रेघा. अंधार सरला तशी आधी पारसिकची कड उमटली, मग ओहळ उजळले, चिखल अजून काळाच. सूर्य वर येण्याआधी सातआठ मिनिटं असा एक क्षण आला की सगळा चिखल निळा झाला. आकाश त्यात उतरलं होतं. नंतर सूर्य समोरून आला आणि चकाकीत रंग उडून गेला.

अर्धा ताव. आधी आकाश आणि चिखल एकाच ओल्या वॉशमध्ये, वरून खाली. चिखलात ते मिश्रण भरपूर पाण्यात सोडलं. बोर्ड टाकीच्या कट्ट्यावर आडवा ठेवला. काकांनी घड्याळ लावलं. हवा आता तितकी दमट नाही, म्हणून वॉशवर ट्रे पालथा घातला, कडेला ओलं फडकं. अडतीस मिनिटं कोणी बोललं नाही. ट्रे उचलला तेव्हा दाणा बसला होता.

तिवरं शेवटी. त्यांचा हिरवा मी इतके दिवस चुकत होते. पान वरून हिरवं आणि खालून पांढुरकं असतं, वारा आला की रान एकदम राखाडी होतं. चिखलाच्याच मिश्रणात थोडा पिवळा घातला, ट्यूबमधला हिरवा वापरलाच नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

परीक्षेचा रविवार. स्मरणचित्र, पुन्हा तोच विषय, ‘सकाळ’.

पाचवीतल्या मुलीने मनोरा काढला. कागदभर एकच, खालून वर बघितल्यासारखा, तारा दोन्ही कडांतून बाहेर. सूर्य मनोऱ्याच्या दोन तिरक्या पट्ट्यांमधल्या त्रिकोणात. तो त्रिकोण कोरा ठेवलेला, पांढरा कागद. आजूबाजूला एवढासाच फिका पिवळा. जूनमध्ये सूर्याला डोळे आणि किरणांच्या काड्या काढणारी हीच मुलगी.

तिच्या आईने विचारलं, परीक्षेत असं चालेल का? मी म्हटलं, स्मरणचित्र म्हणजे आठवणीतलं चित्र, आणि ही तिची आठवण आहे. आईचा चेहरा फार काही खुलला नाही. मनुष्याकृती असतील तर गुणांच्या दृष्टीने बरं, हे मलाही माहीत आहे. मुलीला तसं सांगितलं. तिने थोडा विचार करून मनोऱ्याच्या पायथ्याशी निवटीवाल्या मावशी बसवल्या, टोपलीसकट.

१४ डिसेंबर, रविवार

भांडुप पंपिंग स्टेशनच्या रस्त्याला वर्ग घेऊन गेलो. चौदा जण, तीन रिक्षा. रोहित पक्षी आलेले आहेत. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतही आला. मुलांनी पक्षी कॅलेंडरवर पाहिलेले. प्रत्यक्षात ते लांबवर, पाण्याच्या कडेला एक फिकी गुलाबी रेघ.

एका मुलाने झगझगीत गुलाबी ट्यूब आणली होती. तो रंग उजेडात काही महिन्यांत उडतो हे सांगितलं. माझा लाडका ॲलिझरिनही उडतो, गिरगावच्या माझ्या जुन्या चित्रांतल्या कौलांची लाली त्याने नेली. परमनंट रोझ टिकतो, त्याचा एक थेंब भरपूर पाण्यात पुरे. दुसऱ्याने काही पक्षी करडे रंगवले, त्यावर बाकीचे हसले. तो बरोबर होता. लहान रोहित करडेच असतात, शेवाळ आणि बारीक जीव खाऊन हळूहळू गुलाबी होतात. त्याने दुर्बिणीतून पाहून रंगवलं होतं.

११ जानेवारी २०२६, रविवार

हवा कोरडी. वॉश दहा मिनिटांत वाळतोय, ट्रे घातला तरी वीस. दाणा धरत नाही. उरलेली तीन चिखलचित्रं आता पुढच्या पावसाळ्यात. तीस म्हटली होती, सत्तावीस झाली. चालेल.

काकांनी पेटीवरचा खडू पुसून नवीन लिहिलंय : जून ते ऑक्टोबर बंद.

२५ जानेवारी, रविवार

मंडळाच्या खोलीत प्रदर्शन. दोऱ्या बांधून, कपड्यांच्या चिमट्यांनी. मुलांची बेचाळीस, परिचारिकेची सहा, काकांचं एक (कपाट, बंद, करड्या रंगाचं, दारावर खिडकीचा उजेड). माझी सत्तावीस.

आई खाली उतरली, जिन्यात दोनदा बसून. दुपारी निवटीवाल्या मावशी टोपली बाहेर ठेवून आत आल्या. पाचवीतल्या मुलीने त्यांना मनोऱ्याखाली त्यांचं चित्र दाखवलं. त्यांनी पदर सारखा केला. मग भिंतीच्या कडेने फिरत माझ्या एका चित्रापाशी थांबल्या. नोव्हेंबरातलं. त्यावर ना नाव, ना तारीख. जवळ गेल्या, मागे आल्या, ओहळांच्या रेघांवरून हवेत बोट फिरवलं.

‘ही पुनवेची ओहोटी हाय,’ म्हणाल्या. ‘भांगाला पानी इतकं नाय उतरत.’

चिमटे काढून मी कागद उलटा केला. मागे पेन्सिलीने लिहिलं होतं : त्रिपुरी पौर्णिमा, स. ६.३०. काकांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं.

अल्ट्रामरीनच्या दोन ट्यूबा संपल्या, आणायच्या. पश्चिमेच्या भिंतीला एप्रिलमध्ये वॉटरप्रूफिंग. पुढची अमावस्या १७ फेब्रुवारी, मंगळवार.